५० मीटर प्रोन : आधी अंग, मग रायफल, साइट शेवटी

रेंजवर नवखा नेमबाज लांबूनही ओळखू येतो. दर दोन गोळ्यांनी त्याचा हात डायॉप्टरच्या, म्हणजे बारीक भोकाच्या मागच्या साइटच्या, नॉबवर जातो. गोळी डावीकडे गेली, चार क्लिक; मग उजवीकडे गेली, तीन क्लिक परत. खरं तर साइटचा दोष क्वचितच असतो. रायफल अंगाला बसलेली नसते, म्हणून दर गोळीला शरीर तिला वेगळ्या ताकदीने ढकलत असतं.

इथे .२२ रायफल, स्लिंग (दंडाला अडकवायचा पट्टा) आणि डायॉप्टर साइट धरून लिहिलं आहे. स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ज्या ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं, त्यातलीच प्रोन, म्हणजे पालथं झोपून नेम धरायची, ही एक पोझिशन. कागदावरची दहाची कडी १०.४ मिमी व्यासाची, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढी. डावखुऱ्यांनी पुढचं डावं-उजवं उलट वाचावं.

जुळवाजुळवीच्या वेळी काडतुसांचा डबा मॅटवर नकोच. बोल्ट उघडा, चेंबरमध्ये (काडतूस बसतं तिथे) ते रिकामं असल्याची खूण म्हणून सेफ्टी फ्लॅग, नळी टार्गेटच्या दिशेला, आणि शेजारी कोच. सामान थोडं लागतं: ३, ४ आणि ५ मिमीच्या ॲलन की, टॉर्क रेंच (ठरवलेल्या ताकदीने आवळणारा पाना), स्टीलची मोजपट्टी, मास्किंग टेप आणि वही. काहीही हलवण्याआधी मूळ जागेवर टेप लावून पेन्सिलीने खूण करा. एका वेळी एकच गोष्ट हलवा. दोन एकदम हलवल्यात तर फरक कशाने पडला ते कळणार नाही.

सुरुवात बट-प्लेटपासून, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या मागच्या पट्टीपासून. हात कोपरात काटकोनात वाकवून बट कोपराच्या खोबणीत टेकवा. तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर आरामात पोचलं तर लांबी साधारण बरोबर. हे फक्त पहिलं माप. पक्कं माप आडवं झाल्यावरच ठरतं. बट लांब असेल तर उजवा खांदा मागे रेटला जातो आणि गोळी भरताना पोझिशन मोडते. आखूड असेल तर डोळा डायॉप्टरला जवळजवळ चिकटतो. मध्ये ५ ते १० सेंमी अंतर ठेवा, आणि एकदा ठरलं की ते रोज तेच.

बट-प्लेटची उंची मानेसाठी असते. झोपल्यावर मान ताणून साइटपर्यंत न्यावी लागत असेल, तर विसाव्या गोळीनंतर डोळ्याला पाणी येणारच. चीक-पीसची, म्हणजे गाल टेकवायच्या पट्टीची, परीक्षा सोपी आहे. डोळे मिटा, डोक्याचं सगळं वजन गालावर सोडा, डोळे उघडा. पुढची फोरसाइटची नळी मागच्या भोकात बरोबर मध्ये दिसली पाहिजे. ती ज्या बाजूला सरकलेली दिसते, त्या बाजूला डोळा घसरलाय असं समजा. खाली दिसली तर डोळा खाली आहे, चीक-पीस वर घ्या. गाल उचलून दुरुस्ती करू नका. दमलेला गाल साठाव्या गोळीपर्यंत उचललेला राहत नाही.

सगळ्यात जास्त वेळ स्लिंगवर घालवा. रायफल पेलायची ती स्लिंगने आणि हाडांनी, डाव्या हाताच्या पंजाची पकड सैल. पट्टा आवळलेला असताना डावी बोटं हलवून बघा. बोटं हलवली आणि फोरसाइट हलली, तर पंजा काम करतोय. पट्टा एक भोक घट्ट करा किंवा हँडस्टॉप (रायफलखाली डावा पंजा अडतो तो ठोकळा) थोडा पुढे न्या. हँडस्टॉप पुढे गेला की रायफल खाली बसते, मागे आला की वर उठते. पुढे नेण्याला मर्यादा आहे: मनगट ते कोपर ही रेघ जमिनीशी ३० अंशांपेक्षा कमी कोनात असली तर आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमात बसत नाही. फोरसाइट ठोक्याठोक्याने उडत असेल, तर पट्टा दंडाच्या आतल्या धमनीवर बसलाय. तो थोडा वर सरकवा किंवा बाहेरच्या बाजूला फिरवा. नुसता सैल केलात तर ठोका जाईल आणि आधारही जाईल.

आता नैसर्गिक नेम. पोझिशन घ्या, डोळे मिटा, दोनदा श्वास सोडा, डोळे उघडा. रायफल शेजारच्या टार्गेटकडे बघत असेल तर हातांनी ओढून आणू नका. डावं कोपर खिळ्यासारखं जागेवर ठेवून कंबर आणि पाय सरकवा. नळी उजवीकडे हवी असेल तर कंबर डावीकडे. हे पाच-सहा वेळा करावं लागतं, आणि इथेच कंटाळून लोक नॉबकडे वळतात. श्वास घेताना नळी खाली जाते, सोडताना वर येते. बुलच्या (टार्गेटवरच्या काळ्या गोलाच्या) मध्यावर ती श्वास सोडल्यानंतरच्या विसाव्यात यायला हवी. ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पुंजका, उभा लांबट येत असेल तर आधी श्वासाकडे बघा.

ट्रिगर अशा जागी आणा, की बोटाचं पेर त्याला सरळ मागे दाबेल. ट्रिगरचं वजन, म्हणजे तो सुटायला लागणारा दाब, कमी केलंत तर रिकाम्या रायफलचा बोल्ट बंद करून बट मॅटवर दोन-चारदा आपटा. फायरिंग पिन (काडतुसावर आदळणारी) सुटली तर ते वजन धोक्याचं आहे. रिमफायरमध्ये (.२२ सारख्या, जिथे पिन काडतुसाच्या कडेवर आदळते) ड्राय फायर करताना, म्हणजे गोळीविना ट्रिगर दाबताना, चेंबरमध्ये रिकामी पुंगळी ठेवा, नाहीतर पिन चेंबरच्या कडेवर आदळते. ज्या रायफलमध्ये ड्राय फायरची वेगळी सोय आहे, तिथे ती वापरा.

साइटची पाळी आता. ५० मीटरवरचा काळा बुल ११२.४ मिमीचा, डोळ्यापासून एक मीटरवरच्या फोरसाइटमध्ये तो सव्वादोन मिमीएवढा दिसतो. म्हणून फोरसाइटमध्ये ३.४ ते ३.८ मिमीच्या रिंगने सुरुवात करा, भोवती पांढरी कडा स्पष्ट दिसली पाहिजे. लहान रिंगने नेम बारीक होतो ही समजूत चुकीची आहे. कडा नाहीशी झाली की डोळा शोधत बसतो आणि नेम लांबतो. मागचं भोक १.१ ते १.२ मिमी पुरतं. आषाढातल्या काळोख्या दुपारी थोडं मोठं करा.

पाच गोळ्यांचा ग्रुप पडल्याशिवाय नॉबला हात नाही. मग दहा क्लिक फिरवून पुन्हा पाच गोळ्या, आणि दोन ग्रुपांच्या मध्यांमधलं अंतर भागिले दहा. तुमच्या रायफलचा क्लिक किती मिलिमीटरचा, ते असं कळतं. काही जर्मन साइटांवरची अक्षरं गोळी कुठे लागली ते सांगतात, कुठे न्यायची ते नव्हे. तेव्हा दिशा कागदावरच तपासा.

काडतुसांचा ब्रँड एक असला तरी लॉट, म्हणजे कारखान्यातली खेप, वेगळा असतो. तीन-चार लॉट घ्या, प्रत्येकाच्या दहा-पंधरा गोळ्या नळी रुळायला सोडा, मगच दहाचे ग्रुप मोजा. वरळीला समुद्रावरून वारा सुटतो, तेव्हा हा हिशोब लक्षात असू द्या: ताशी १६ किमीचा आडवा वारा ५० मीटरवर गोळीला दोन-अडीच सेंमी सरकवतो, म्हणजे दहाचा नेम आठात. आतल्या खाचांचा पीळ उजवा असलेल्या नळीतून उजवीकडून येणाऱ्या वाऱ्यात गोळी डावीकडे आणि जरा वर जाते, डावीकडून येणाऱ्या वाऱ्यात उजवीकडे आणि खाली.

मुंबईची खरी अडचण मात्र दमट हवा. लाकडी स्टॉक (रायफलचा दांडा) जूनपासून फुगतो, ॲक्शनच्या (बोल्ट बसतो त्या धातूच्या भागाच्या) स्क्रूंवरचा ताण बदलतो आणि एप्रिलमध्ये बटणाएवढा असलेला ग्रुप जुलैत फाकतो. कंपनीच्या पुस्तिकेतल्या आकड्यावर टॉर्क रेंच लावून दर महिन्याला स्क्रू तपासा, हाताच्या अंदाजाने आवळू नका. फोमच्या पेटीत रायफल आठवडाभर पडू देऊ नका. फोम ओल धरून ठेवतो आणि नळीवर गंजाचे ठिपके उठतात. घरी आल्यावर पुसा, तेलाचा हलका हात फिरवा, सिलिका जेल ठेवा, आणि पुढच्या वेळी पहिल्या गोळीआधी नळीतून कोरडा कपडा काढा. तेलकट नळीतली पहिली गोळी कुठेही जाते, आणि तिच्यावरून क्लिक फिरवणारे दरवर्षी भेटतात.