इंग्लंडमध्ये खासगी थेरपिस्टकडे जाण्याआधी

नोकरीसाठी, शिक्षणासाठी किंवा जोडीदाराच्या व्हिसावर इंग्लंडला नव्याने आलेली मंडळी पूर्वी घरभाडे, जीपीकडची (म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडची) नोंदणी आणि मुलांच्या शाळा यांविषयीच विचारत असत. अलीकडे 'एखादा चांगला थेरपिस्ट माहीत आहे का?', म्हणजे मनाच्या तक्रारींवर बोलण्यातून उपचार करणारा, हा प्रश्नही वरचेवर येतो. नाव सुचवणे मी टाळतो, कारण एकाला मानवलेला थेरपिस्ट दुसऱ्याला मानवेलच असे नाही, आणि मराठी मंडळींच्या छोट्या वर्तुळातले चौघे एकाच माणसाकडे जाऊ लागले तर सर्वांचीच पंचाईत होते. पहिल्या सेशनचे पैसे भरण्याआधी कशाकशाची चौकशी करावी, हे मात्र सांगता येते.

सर्वांत आधी, खासगी थेरपिस्टची गरज आहे का, हे तपासावे. व्हिसा काढताना आपण दरवर्षासाठी १,०३५ पौंड, आणि विद्यार्थी असल्यास ७७६ पौंड, आरोग्य अधिभार म्हणून भरलेले असतात. त्यामुळे एनएचएसची, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेची, 'एनएचएस टॉकिंग थेरपीज' ही सेवा आपल्यालाही विनामूल्य मिळते. २००८ साली वेगळ्या नावाने सुरू झालेली ही सेवा नैराश्य आणि चिंतेशी निगडित तक्रारींसाठी आहे. आपण इंग्लंडमधल्या जीपीकडे नोंदलेले असलो की डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय स्वतःच ऑनलाइन अर्ज करता येतो, आणि दुभाषाही मागता येतो. चारपैकी तिघांचे उपचार सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावेत असे तिचे उद्दिष्ट आहे, पण पहिल्या भेटीनंतर पुढच्या भेटीसाठी बरेच थांबावे लागू शकते, आणि सेशनची संख्याही ठरावीक असते. नोकरदारांनी आपल्या कंपनीच्या एचआरच्या पानावर 'एम्प्लॉयी असिस्टन्स प्रोग्रॅम' आहे का, तेही पाहावे. त्यात काही सेशन मोफत असतात, आणि कोण गेले हे वरिष्ठांना कळवले जात नाही. हे दोन्ही दरवाजे पाहून झाल्यावर, किंवा वाट पाहणे परवडत नसेल तर, खासगीकडे वळावे.

खासगीकडे वळताना आपल्याकडच्या माणसाला चकवणारी एक गोष्ट अशी की इंग्लंडमध्ये 'काउन्सेलर' किंवा 'सायकोथेरपिस्ट' ही बिरुदे कायद्याने राखीव नाहीत. चार दिवसांचा अभ्यासक्रम केलेला माणूसही दारावर ती पाटी लावू शकतो. नुसते 'सायकॉलॉजिस्ट' हेही राखीव नाही. 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' आणि 'काउन्सेलिंग सायकॉलॉजिस्ट' ही नावे मात्र एचसीपीसी या नियामक मंडळाकडे नोंद असल्याखेरीज वापरता येत नाहीत, आणि सायकियाट्रिस्ट हा डॉक्टर असल्याने त्याची नोंद जनरल मेडिकल कौन्सिलकडे असते. म्हणून थेरपिस्टच्या संकेतस्थळावरचे हसरे छायाचित्र आणि कौतुकाचे अभिप्राय बाजूला ठेवावेत, आणि बीएसीपी, यूकेसीपी किंवा थेरपिस्टांच्या अशाच एखाद्या मान्यताप्राप्त संस्थेच्या नोंदवहीत त्याचे नाव स्वतः शोधावे. या नोंदवह्या सर्वांसाठी खुल्या असतात आणि शोधायला दोन मिनिटेही लागत नाहीत. नोंद असण्याचा खरा उपयोग पुढे काही बिनसले तर होतो, कारण तेव्हा तक्रार ऐकून घेणारे कुणीतरी असते. औषधांची गरज वाटत असेल तर ती थेरपिस्ट देत नाही. त्यासाठी जीपी किंवा सायकियाट्रिस्टच हवा. आपली मंडळी सवयीने थेरपिस्टला 'डॉक्टर' म्हणत राहतात, तो मात्र बहुधा पहिल्याच भेटीत त्याच्या पहिल्या नावाने हाक मारायला सांगतो; अवघडल्यासारखे झाले तरी तो येथील रिवाज आहे.

बहुतेक थेरपिस्ट सुरुवातीला पंधरा-वीस मिनिटांचा फोन मोफत ठेवतात. आपल्याकडे तज्ज्ञाला उलट प्रश्न विचारणे उद्धटपणाचे समजले जाते, पण हा फोन नेमका त्याचसाठी असतो. आपल्या तक्रारीचा अनुभव आहे का, कोणत्या पद्धतीने काम करता, साधारण किती सेशन लागतील आणि प्रगती कशी तपासता, हे थेट विचारावे. विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर भर देणाऱ्या सीबीटी या पद्धतीत बहुधा मोजक्या सेशनमध्ये, घरी करायच्या अभ्यासासह काम चालते. सायकोडायनॅमिक पद्धतीत बालपण आणि जुनी नाती उकलत महिनोन्महिने जाऊ शकतात. दोन्हींचा खर्च, आणि आपण ठेवायची अपेक्षाही, वेगळी असते.

खर्चाचे गणित आधीच मांडावे. सेशन साधारण ५० मिनिटांचे असते आणि फी बऱ्याच ठिकाणी ५० ते ८० पौंड, लंडनमध्ये त्याहून अधिक असते. ६० पौंडांनी आठवड्याला एक सेशन म्हटले तर चार आठवड्यांचे २४० पौंड होतात, आणि बारा आठवड्यांचे ७२० पौंड. हा आकडा भाडे, प्रवास आणि गावी पाठवायच्या पैशांशेजारी लिहून पाहावा, म्हणजे मन मोकळे होऊ लागले नेमके तेव्हाच पैशांअभावी थांबण्याची वेळ येत नाही. अनेक थेरपिस्ट विद्यार्थ्यांसाठी व कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी काही जागा सवलतीच्या दरात ठेवतात, पण विचारल्याशिवाय सांगत नाहीत. कंपनीचा आरोग्य विमा असेल तर तो थेरपिस्ट विमा कंपनीच्या यादीत आहे का, आधी जीपीचे पत्र लागते का, आणि पॉलिसी घेण्यापूर्वीची तक्रार वगळलेली आहे का, हे विमा कंपनीला फोन करूनच विचारावे. थेरपिस्टच्या शब्दावर विसंबू नये.

पहिल्या सेशनआधी येणाऱ्या करारपत्रावर आपण न वाचता सही करतो, तसे करू नये. त्यात पाहायच्या जागा मोजक्याच असतात. चोवीस किंवा अठ्ठेचाळीस तास आधी न कळवता सेशन चुकवले तर पूर्ण फी द्यावी लागते, आणि मूल अचानक तापाने फणफणले हे कारण सहसा चालत नाही. थेरपिस्टच्या सुट्टीत काय, आपण दिवाळीला महिनाभर भारतात गेलो तर ती वेळ राखून ठेवण्यासाठी पैसे द्यावे लागतात का, हे त्याच पानावर असते. नसले तर ईमेलने विचारून लेखी उत्तर घ्यावे.

गोपनीयतेबद्दल आपल्या लोकांच्या मनात दोन टोके असतात: एक तर थेरपिस्ट सर्वत्र सांगेल, नाहीतर तो कधीच कुणालाही काही सांगणार नाही. प्रत्यक्षात आपल्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला गंभीर धोका, लहान मुलाच्या सुरक्षिततेचा प्रश्न किंवा न्यायालयाचा आदेश, अशा प्रसंगी त्याला माहिती द्यावी लागू शकते, आणि या मर्यादा तो पहिल्या भेटीत सांगतो. शिवाय तो दरमहा आपल्या वरिष्ठ मार्गदर्शकाशी कामाविषयी बोलतो, पण आपली ओळख न देता. व्हिसावर परिणाम होईल या भीतीने पुष्कळ जण मागे राहतात. थेरपी घेतली म्हणून होम ऑफिसला (व्हिसा पाहणाऱ्या ब्रिटिश गृहखात्याला) कळवण्याचे बंधन खासगी थेरपिस्टवर नाही.

गोपनीयतेचा खरा प्रश्न पुष्कळदा आपल्याच घरात असतो, आणि माझ्या मते नवीन आलेल्यांनी सर्वाधिक विचार याचाच करायला हवा. ऑनलाइन सेशन स्वस्त आणि सोयीचे वाटते, पण भाड्याच्या घरातल्या पातळ भिंतीपलीकडे चार महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई असतील, तर पन्नास मिनिटे मराठी माणूस हवापाण्यावरच बोलत राहतो. ओळखीच्या एक ताई सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये गाडीच्या काचा वर करून बोलत असत. त्यांचे जमले, तरी हिवाळ्यात हीटर लावून बसण्यापेक्षा प्रत्यक्ष भेटणे बरे. संयुक्त खात्यातून पैसे जात असतील तर स्टेटमेंटवर कोणते नाव उमटते हेही आधी पाहून ठेवावे.

मराठी बोलणारा थेरपिस्ट इथे सहजी मिळत नाही. दक्षिण आशियाई पार्श्वभूमीचा मिळू शकतो. लंडनमध्ये 'नाफसियात'सारखी संस्था १९८३ पासून वेगवेगळ्या भाषांत काम करत आली आहे. मात्र आपल्या बाजूचा म्हणजे आपल्याला समजून घेणारा, असे गृहीत धरू नये. 'आई-वडिलांना दुखवू नका' हा सल्ला पैसे देऊन ऐकण्यात अर्थ नाही. भारतातील मराठी थेरपिस्टकडून ऑनलाइन सेशन घेण्याचा मोह स्वाभाविक आहे आणि फीही कमी पडते, पण घड्याळातला फरक हिवाळ्यात साडेपाच आणि उन्हाळ्यात साडेचार तासांचा असतो, म्हणून मार्च आणि ऑक्टोबरच्या अखेरीस वेळ पुन्हा ठरवावी लागते. परदेशात राहणाऱ्या माणसाला सेवा देण्याची त्यांची तयारी आहे का, आणि जिवावर बेतले तर ते इथे कोणाला कळवतील, हे आधी विचारावे. तशी वेळ आलीच तर कोणत्याही थेरपिस्टच्या उत्तराची वाट न पाहता ९९९ हा आपत्कालीन क्रमांक लावावा. तातडीच्या मानसिक त्रासासाठी एनएचएसच्या १११ या क्रमांकावर दोनचा पर्याय आहे, आणि मन मोकळे करायला ऐकून घेणाऱ्या समॅरिटन्स या संस्थेचा ११६ १२३ हा क्रमांक दिवसरात्र मोफत चालतो.

चार-पाच सेशननंतरही काहीच जुळत नसेल तर तसे स्पष्ट सांगून दुसरा थेरपिस्ट शोधावा. भिडेपोटी फोन उचलणे बंद करू नये, कारण करारात थांबण्यापूर्वी किती दिवस आधी कळवायचे ते लिहिलेले असते, आणि तेवढ्या सेशनची फी तशीही लागू होते.