रेडिओग्राफीच्या पदवीचा अभ्यास कसा करावा

डायग्नोस्टिक रेडिओग्राफी शिकताना भौतिकशास्त्र, शरीररचना आणि रुग्णसेवा यांचा अभ्यास वेगवेगळा करू नये, कारण क्ष-किरण कक्षात हे तिन्ही विषय एकाच वेळी लागतात. छातीची पीए (किरण पाठीकडून छातीकडे जाणारी) प्रतिमा घेताना क्ष-किरण नळी व डिटेक्टर यांत साधारण 180 सेंटीमीटर अंतर ठेवतात, रुग्णाला खांदे पुढे घ्यायला सांगतात आणि खोल श्वास घेऊन रोखल्यावरच एक्सपोजर देतात, म्हणजे किरण सोडतात. यातील प्रत्येक कृतीचे कारण स्वतःच्या शब्दांत लिहून पाहावे. अंतर वाढवल्याने हृदयाची छाया कमी फुगते, तर खांदे पुढे घेतल्याने त्यांची पाती फुप्फुसांवरून बाजूला सरकतात. प्रतिमा हाती आल्यावर दोन्ही क्लॅव्हिकलची (गळ्याखालच्या आडव्या हाडांची) आतील टोके मणक्यांच्या मधल्या रेषेपासून सारख्याच अंतरावर आहेत का, हे आधी पाहावे. नसल्यास बहुधा रुग्ण किंचित वळलेला असतो. माझ्या मते, पाठांतरापेक्षा अशी तपासणी रोज करणे कितीतरी अधिक उपयोगी ठरते.

सूत्रे मोजकीच आहेत, परंतु ती पक्की हवीत: अंतर दुप्पट केल्यास किरणांची तीव्रता एक चतुर्थांश होते, केव्हीपीवर (नळीला दिलेल्या कमाल विद्युतदाबावर) किरणांची भेदकता आणि एमएएसवर (नळीतील विद्युतप्रवाह व वेळ यांच्या गुणाकारावर) त्यांचे प्रमाण ठरते. प्रात्यक्षिकाच्या पहिल्या दिवसापासून रुग्णाची ओळख, तपासणीचा भाग, डावी-उजवी बाजू आणि लागू असेल तेथे गर्भधारणेची शक्यता विचारूनच यंत्राकडे वळावे.