आजोबांची बारा बोर, नातवाचा कट्टा: घरात हत्यार निघालं तर काय करायचं

गोळीबाराची बातमी आली की वाद ठरलेला असतो. एक जण म्हणतो परवाने कडक करा, दुसरा म्हणतो परवानेवाले नियमाने वागतात, गोळ्या झाडतात ते कट्टेवाले, म्हणजे विनापरवाना गावठी पिस्तूलवाले. खानदेशात दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. कट्टा परवाना शाखेतून येत नाही, सातपुड्याच्या पलीकडून येतो. मध्य प्रदेशातल्या बडवानी-खरगोनच्या हद्दीतून चोपडा, शिरपूरकडे उतरणारा तो रस्ता पोलिसांना पाठ आहे आणि तिथल्या उमर्टी गावाचं नाव पकडलेल्या हत्यारांच्या बातम्यांत वारंवार येतं. पण वरातीत हवेत उडवलेला बार परवान्याच्या बंदुकीचाही असतो. दोन्ही प्रकारात गोळी सुटण्याआधी हत्यार घरातल्या कुणाला तरी माहीत असतं. त्या घरच्यांनी काय करायचं, ते इथे दिलं आहे.

वारशाची बंदूक

परवाना माणसाच्या नावाचा असतो. माणूस गेला की तो संपला. शेतासारखी बंदूक भावाभावांत वाटून घेता येत नाही आणि माळ्यावर तशीच ठेवली तर ठेवणारा गुन्हेगार ठरू शकतो. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 21 प्रमाणे ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करावी लागते. उत्तरकार्य होईपर्यंत थांबू नका. ठाण्यात फोन करून कळवा आणि कशी आणायची ते विचारा.

हलवण्याआधी ती रिकामी आहे का ते पाहावं लागतं. दुनळी मोडायची, म्हणजे नळ्या खाली झुकवून उघडायची असेल तर तोंड मोकळ्या जमिनीकडे ठेवायचं, बोट घोड्यापासून लांब, वरचा खटका सरकवून बंदूक मोडायची आणि दोन्ही नळ्यांत नजर घालायची. काडतूस दिसलं आणि ते सहज निघालं तर काढा. गंजून अडकलं असेल तर पक्कड लावू नका, आहे तशीच ठेवून पोलिसांना सांगा. ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासायची बंदूक असेल तर हात लावायचाच नाही. तिच्यात बार भरलेला आहे का हे बाहेरून कळत नाही आणि पंचवीस वर्षांपूर्वी भरलेली दारूही पेटू शकते.

ट्रंकेत काडतुसांचा डबा हमखास निघतो. पितळी बूड हिरवट पडलेलं, कागदी नळकांडं ओल खाऊन फुगलेलं. ती निकामी समजून चुलीत किंवा उकिरड्यावर टाकू नका, पोरांना खेळायला देऊ नका. कायद्याच्या नजरेत तो दारूगोळाच आहे. मोजून बंदुकीबरोबर जमा करा.

जमा केल्याची पावती घ्या. तिच्यावर बनावट, बोर (नळीचं माप), काडतुसांची संख्या आणि बंदुकीवर कोरलेला नंबर असला पाहिजे. तो नंबर परवान्याशी आकडा-आकडा जुळवून तिथल्या तिथे पाहा. जुन्या हाताने लिहिलेल्या परवान्यात एखादा आकडा चुकलेला असतो आणि पुढे सगळी फाईल त्याच्यापायी अडते.

बंदूक घरातच ठेवायची असेल तर वारसाने स्वतःच्या नावाने परवाना मागायचा. शस्त्र नियम 2016 मधला नियम 25 वारसांसाठी आहे. परवानाधारक हयात असला तरी वयाची 70 वर्षं किंवा हत्यार बाळगून 25 वर्षं, यातलं जे आधी होईल तेव्हा तो वारसाच्या नावाने करता येतो. अर्ज ए-1 नमुन्यात, निर्णय जिल्हाधिकाऱ्यांचा: जळगाव, धुळे किंवा नंदुरबार, जिथे राहता तिथला. वय 21 पूर्ण हवं. मृत्यूचा दाखला, वैद्यकीय दाखला, हत्यार सुरक्षित ठेवण्याची हमी आणि इतर सगळ्या वारसांची नाहरकत लागते. सगळ्या म्हणजे बहिणींचीही, अर्ज बहुधा तिथेच अडकतो. त्यानंतर पोलीस चौकशी होते. अधिनियमातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे दोनच हत्यारं राहू शकतात, वारशाने आलेलीही त्यातच मोजतात. परवाना पाच वर्षांचा असतो. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या किमान 60 दिवस आधी टाका.

आमचं स्पष्ट मत असं की बहुतेक घरांना ही बंदूक लागत नाही. आठवण म्हणून ठेवायची असेल तर आबांचा फोटो पुरे. बंदूक विक्रेत्यामार्फत परवानाधारकाला विका किंवा सरकारजमा करा. रानडुकरं खरंच पीक उद्ध्वस्त करत असतील तर पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागता येतो, मात्र तो शिकारीचा परवाना नव्हे.

ठेवलीच तर बंदूक एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या कुलपात, किल्ल्या एकाच माणसाकडे. घरात कुणी कर्जाने खचलंय, जेवत नाही, निरवानिरवीचं बोलतंय असं दिसलं तर त्याच दिवशी बंदूक ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे ठेवायला द्या. तो वाईट तास टळला तर माणूस वाचतो. 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा मोफत क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं.

मुलाच्या गादीखाली कट्टा सापडला तर

इथे घरं सर्वात जास्त चुकतात. आई घाबरून विहिरीत टाकते, बाप कपाशीच्या गंजीत लपवतो, मामा म्हणतो माझ्याकडे दे, "कोनले सांगू नको". तिन्ही वाटा घर आणखी खोलात नेतात. विहिरीत टाकणं म्हणजे पुरावा नष्ट करणं, आणि मामाने घेतला की आरोपी दोन होतात. शस्त्र अधिनियमाचं कलम 35 असं सांगतं की सामाईक ताब्यातल्या जागेत हत्यार सापडलं आणि ज्याला ते माहीत होतं असं मानायला कारण आहे, त्या प्रत्येकावर जबाबदारी येते. माहीत नव्हतं, हे त्यानेच सिद्ध करायचं. घर, शेतातली खोली, गोठा, गाडी, सगळं यात आलं. कलम 36 प्रमाणे माहिती असणाऱ्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. विनापरवाना हत्यार बाळगल्यास शिक्षा किमान दोन ते कमाल पाच वर्षं आणि दंड.

हात लावू नका. मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं असं नसतं, एक गोळी नळीत राहू शकते आणि अपघात त्याच गोळीने होतात. गावठी हत्याराला खात्रीचा सेफ्टी खटका नसतो, ते पडल्यानेही सुटतं, नळी हातात फुटते. खोलीला कुलूप लावा, लहान मुलांना शेजारी पाठवा.

मग लगेच वकिलाला फोन. पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयातलं विधी सेवा प्राधिकरण आहे. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातींना तिथे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. त्याच्या सल्ल्याने ठाण्यात कळवा आणि पोलिसांना घरी बोलवा. कट्टा पिशवीत घालून मोटरसायकलवर ठाण्याकडे निघू नका, वाटेत नाकाबंदीत सापडलात तर तो तुमच्याच ताब्यात सापडला असं होतं. पंचनामा घरात होऊ द्या, प्रत मागा, आपण स्वतः कळवलं ही ओळ त्यात आहे का ते वाचूनच सही करा. स्वतःहून दिलं म्हणून गुन्हा आपोआप माफ होत नाही, तसं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पण गोळी सुटण्याआधी दिलेल्या कट्ट्याचं प्रकरण आणि सुटल्यानंतरचं प्रकरण यांत मुलाच्या आयुष्याचा फरक पडतो. तो अठराच्या आतला असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं, म्हणून जन्मदाखला हाताशी ठेवा.

स्टेटसवर कट्ट्याचा फोटो दिसला तरी हेच. "खोटा आहे, लायटर आहे" हे ऐकून सोडून देऊ नका, तो लायटर डोळ्यांनी पाहा, हात मात्र लावू नका.

लग्नसराईत

हवेत गोळी झाडणं हा आता स्वतंत्र गुन्हा आहे: शस्त्र अधिनियमाचं कलम 25(9), दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. परवाना असला तरी. कुणी दगावलं तर त्याची कलमं वेगळी. लॉन ठरवतानाच मालकाकडून करारात लिहून घ्या की हत्यार आत येणार नाही, आणि दोन्हीकडच्या एकेका वडीलधाऱ्याचं नाव त्यासाठी ठरवा. वरातीत बंदूक निघालेली दिसली तर तिच्या मालकाशी हुज्जत घालू नका. डीजेवाल्याला आवाज बंद करायला सांगा, बायकापोरांना बाजूला घ्या आणि 112 लावा. फोनवर गाव, लॉनचं नाव आणि जवळची खूण सांगा, नुसतं "शिरपूर रोडला" म्हटलं तर गाडी शोधत फिरते.