सागवानी आठवणपेटीला आतून तेल नको, लाख लावा

जुनी पत्रं, फोटो, बाळाचे पहिले वाळे ठेवायला पेटी केली असेल, तर आतल्या बाजूला जवसाचं तेल अजिबात लावू नका. झाकण बंद राहिलं की त्याचा कुबट वास महिनोन्‌महिने जात नाही, कागदालाही लागतो. बाहेरून हवं तर लावा, पण तेल लावलेले बोळे चुरगळून टाकू नका. ते आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा.

आत चपडा लाखच (पातळ पापुद्र्यांच्या रूपात मिळणारी लाख) बरी. १०० मिली मेथिलेटेड स्पिरिटमध्ये साधारण १५ ग्रॅम चपडा रात्रभर भिजवा, सकाळी मलमलीतून गाळा. आधी १२०, १८० आणि २४० नंबरचा पॉलिश पेपर रेषांच्या दिशेनेच फिरवा. मग ओलसर फडक्याने पुसा: लाकडाचे बारीक तंतू उभे राहतील. वाळल्यावर तेवढेच हलक्या हाताने घासून काढा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग पॉलिश खरखरीत झालं म्हणून लाखेला नावं ठेवतात.

सुती बोळ्याने पातळ तीन-चार हात पुरे. एकाच जागी दोनदा घोटू नका, खालचा थर उचलला जातो. भर पावसाळ्यात मात्र थांबा, दमट हवेत लाख पांढुरकी पडते.