पहिला वेज घेताना: ६० अंशांचा लॉब की ५६ चा सँड?

गोल्फ नुकताच सुरू केलेल्या खेळाडूला ग्रीनजवळ (भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताजवळ) आल्यावर एकच हवं असतं: चेंडू उंच उठावा आणि पडल्या जागी थांबावा. मग नजर ६०, कधी ६४ अंशांच्या लॉब वेजवर जाते. वेज म्हणजे जवळच्या, उंच फटक्यांसाठीचा क्लब; अंशांचा आकडा म्हणजे लॉफ्ट, चेंडूला लागणाऱ्या पृष्ठभागाचा, फेसचा कल. एकाच वेजपुरते पैसे असतील तर लॉब वेज घेऊ नका. ५४ ते ५६ अंशांचा, १० ते १२ अंश बाउन्सचा (पुढच्या धारेपासून तळ जितका खाली उतरतो तो कोन), रुंद तळाचा सँड वेज घ्या. नवशिक्याला सांभाळून घेतो तो क्लबचा तळ, लॉफ्ट नव्हे.

खरेदीआधी बॅगेतले क्लब जमिनीवर मांडा. नवशिक्यांच्या तयार सेटमध्ये बरेचदा सँड वेज असतोच. तळावर ‘एस’, ‘एसडब्ल्यू’ किंवा नुसता ५५-५६ आकडा असतो. तो असेल तर सध्या काहीच घ्यायची गरज नाही. नसेल तर आधी पिचिंग वेजचा, म्हणजे सेटमधल्या सर्वांत कमी लॉफ्टच्या वेजचा, लॉफ्ट शोधा. कंपनीच्या वेबसाइटवर त्या मॉडेलचा तक्ता मिळतो; जुना सेट असेल तर क्लब दुरुस्त करणाऱ्याकडून मोजून घ्या. पूर्वी हा आकडा ४७-४८ असायचा, आता नवशिक्यांच्या आयर्न क्लबच्या (पातळ धातूच्या हेडच्या) सेटमध्ये तो ४३ ते ४५ पर्यंत खाली आला आहे.

समजा तो ४४ आहे. त्याच्या पुढचा क्लब थेट ६० चा घेतला तर मध्ये १६ अंशांची फट पडते. पिचिंग वेज ११० यार्ड जात असेल, तर लॉब वेज पूर्ण स्विंगलाही ६०-६५ यार्डांच्या आसपासच थांबतो. मधल्या प्रत्येक अंतरासाठी अर्धा किंवा पाऊण स्विंग मारावा लागतो, आणि नवशिक्याला सर्वांत कमी जमतो तो हाच. ५६ घेतला तर फट १२ अंशांची उरते. तीही मोठीच आहे, पण पुढे कधीतरी ५० चा वेज घेऊन ती बरोबर मधोमध भरता येते.

आता लॉब वेज चुकतो कसा, ते पाहा. चेंडूचा व्यास किमान ४२.६७ मिलिमीटर असतो, म्हणजे त्याचा मध्य जमिनीपासून जेमतेम २१ मिलिमीटर वर. पातळ गवतावर क्लब किंचित वर राहिला की पुढची धार थेट चेंडूच्या पोटात बसते. चेंडू उठतच नाही, सरपटत ग्रीन ओलांडून पलीकडे जातो. उलट, चेंडू रफमध्ये (उंच वाढू दिलेल्या गवतात) गवताच्या टोकांवर बसलेला असला की ६० चा फेस त्याच्याखालून निसटतो. चेंडू फेसच्या वरच्या कडेला लागतो आणि चार पावलांवर पडतो. या चुका कुठल्याही वेजने होतात. पण लॉफ्ट वाढला की स्विंगचा जोर पुढे जाण्याऐवजी उंचीत आणि फिरकीत जातो, त्यामुळे स्विंग मोठा घ्यावा लागतो. स्विंग मोठा, तशी चूकही मोठी.

दुसरी चूक हातांची. हात पुढे रेटले आणि शाफ्ट (दांडा) ८ अंश पुढे झुकला, तर ६० चा लॉफ्ट ५२ होतो. ज्यासाठी पैसे मोजले ते तिथेच गेलं. बाउन्सही तेवढाच घटतो. ६ अंश बाउन्सचा क्लब असेल तर तो उणे २ वर येतो: धार जमिनीत घुसते, मातीचा गोळा निघतो, चेंडू जागेवरच राहतो. १२ चा बाउन्स असता तर अजून ४ शिल्लक राहिले असते, आणि तळ गवतावरून घसरला असता.

म्हणून दुकानात बाउन्स डोळ्यांनी पाहा. वेज सपाट फरशीवर टेकवा, शाफ्ट उभा धरा आणि खाली वाकून बाजूने बघा. चांगला बाउन्स असेल तर पुढची धार फरशीपासून दोन-तीन मिलिमीटर वर दिसते, कारण टेकलेला असतो तळाचा मागचा फुगवटा. कमी बाउन्सच्या क्लबची धार जवळजवळ फरशीवरच असते. सँड वेज रुळला तोही याच फुगवट्यामुळे. अमेरिकी गोल्फपटू जीन सॅराझेनने निब्लिकच्या (जास्त लॉफ्टच्या जुन्या आयर्नच्या) तळाला डाग देऊन मागची बाजू जाड आणि खोल केली, आणि त्या क्लबने १९३२ ची ओपन चॅम्पियनशिप जिंकली.

आपल्याकडच्या जमिनीचा विचारही इथेच करायचा. इथल्या बहुतेक कोर्सवर बर्म्युडा असतं, म्हणजे आपल्या हरळीचीच जात. हे गवत आडवं पसरतं, आणि त्याच्या कलाच्या उलट दिशेने चिप (ग्रीनजवळचा छोटा, बुटका फटका) मारताना पातळ धार हमखास अडकते. पावसाळ्यात पुणे-मुंबईकडची जमीन इतकी मऊ होते की कमी बाउन्सचा क्लब सरळ रुततो. एप्रिल-मेमध्ये तीच जमीन टणक होते आणि तिथे १२ चा बाउन्स उसळू शकतो. मग फेस अजिबात उघडू नका, म्हणजे आकाशाकडे वळवू नका. त्यापेक्षा वेज बाजूला ठेवून नऊ नंबरच्या आयर्नने चेंडू जमिनीलगत सरकवा. वर्षभरासाठी एकच क्लब हवा असेल तर १० अंशांचा बाउन्स घ्या. नेहमीच्या कोर्सचे बंकर (वाळूचे खड्डे) भुसभुशीत असतील तर १२.

भारतात मोठ्या ब्रँडचा नवा वेज पाच आकडी किमतीला जातो. नवशिक्याने एवढे घालवू नयेत. डेकॅथलॉनच्या इनेसिससारखा स्वस्त नवा क्लब किंवा चांगला सेकंडहँड घ्यावा, आणि उरलेले पैसे कोचच्या दोन-तीन तासांवर खर्च करावेत.

सेकंडहँड बघताना नखाची कड फेसवर वरून खाली ओढा. प्रत्येक ग्रूव्हमध्ये (फेसवरच्या आडव्या खाचेत) ती अडली पाहिजे. फेसच्या मधोमध रुपयाएवढा गुळगुळीत, चमकणारा डाग असेल तर ग्रूव्ह संपले आहेत, किंमत कितीही कमी असो. एका हाताने शाफ्ट धरून दुसऱ्याने हेड पिळून पाहा. टकटक झाली किंवा हेड हललं तर जोड सुटला आहे. तळाला कानस मारलेली नाही ना, तेही पाहा, कारण घासलेल्या तळाचा बाउन्स छापील आकड्याशी जुळत नाही. लांबी ३५ इंचांच्या आसपास हवी. बरीच कमी असेल तर शाफ्ट कापलेला आहे. ग्रिप कडक झाली असेल तर त्यापायी क्लब सोडू नका, ग्रिप स्वस्तात बदलून मिळते.

५६ ने चिप मारताना पावलांमध्ये एका बुटाएवढं अंतर ठेवा. चेंडू मधोमध, निम्म्याहून थोडं जास्त वजन पुढच्या पायावर, हात चेंडूच्या किंचितच पुढे. मनगटं न मोडता खांदे हलवा आणि तळ गवताला घासल्याचा आवाज ऐका. ‘सर्र’ आला तर बरोबर; ‘थड’ आला तर धार घुसली. बंकरमध्ये आधी फेस उघडा, मग ग्रिप पकडा. हा क्रम उलटला तर मारताना फेस पुन्हा बंद होतो. क्लब चेंडूच्या पाच सेंटिमीटर मागे वाळूत उतरवा आणि स्विंग मध्ये थांबवू नका. सरावाच्या बंकरमध्ये वाळूत एक रेघ ओढून चेंडूशिवाय तिच्यावर वीस वेळा मारा. खड्डा प्रत्येक वेळी रेघेवरच सुरू झाला पाहिजे. खेळताना मात्र रेघ ओढायची नाही, फटक्याआधी चेंडूच्या मागेपुढे क्लब वाळूला टेकला तरी दंड बसतो. फेस उघडल्याने लॉफ्ट वाढतो, त्यामुळे ५६ चाच क्लब ६० सारखा वागतो आणि बाउन्सही वाढतो.

६० ची खरी गरज कधी? ग्रीन उंचावर आहेत, मध्ये खोल बंकर आहेत, झेंडा त्यांच्या लगत असतो आणि आठवड्यातून दोनदा तरी खेळणं होतं, तेव्हा. त्याआधी ५६ ने वीस यार्डांवरून वीस चेंडू मारून पाहा. पंधरा ग्रीनवर थांबले आणि थिन (धार चेंडूच्या पोटात बसलेले) किंवा फॅट (क्लब आधी जमिनीत घुसलेले) फटके तीनपेक्षा जास्त झाले नाहीत, तर ६० घ्यायला हरकत नाही. तेव्हाही ८ ते १० बाउन्सचाच घ्या. ६४ मात्र सोडा: ते फिल मिकेल्सनसारख्या नामांकित व्यावसायिकांच्या बॅगेत शोभतं, त्यांचा त्या फटक्यांचा सराव आयुष्यभराचा असतो.

लॉब वेज आधीच घेऊन झाला असेल तर विकायची घाई करू नका. ३० यार्डांच्या आत, चेंडूखाली गवताची गादी असताना आणि मध्ये बंकर ओलांडायचा असतानाच तो बाहेर काढा. ग्रिप दोन बोटं खाली धरा, स्विंग कंबरेपर्यंतच ठेवा. चेंडू उघड्या मातीवर असेल तर लॉब वेज बॅगेतच राहू द्या आणि पिचिंग वेज घ्या.