बंद घरांचे फोटो काढायचेत? आधी चावी कोणाकडे ते विचारा

गणपतीला गावी गेलो की सगळ्यांच्या फोनमध्ये तेच फोटो असतात, हिरवं भात, कौलारू घर, दाराला कुलूप आणि खाली 'आठवणी'. मीपण काढलेत, शंभर-दीडशे तरी असतील. दोन वर्षांनी ते परत उघडले तर कुठलं घर कोणाचं हेच मला सांगता येईना. मग ठरवलं की आता नीट प्रोजेक्ट करायचा, आणि त्यात जे काही चुकत चुकत शिकलो ते इथे लिहितोय, सिंधुदुर्गातल्या एका वाडीवरचं आहे पण तुमच्याकडेही चालेल.

पहिली गोष्ट, विषय लहान करा. 'कोकणातलं स्थलांतर' याचा फोटो निघत नाही. माझा विषय सापडला तो शेजारच्या काकीच्या दारामागे. तिथे एका खुंटीला अकरा चाव्या, कशाला लाल चिंधी, कशाला लुंगीची किनार, एकीला वाणसामानाची सुतळी, आणि काकी अंधारातसुद्धा हात लावून सांगते ही वरच्या घरची, ही खालच्या. कोणाच्या तुळशीला दिवा, कोणाचं कौल गळतंय का, कोणाच्या वाशाला वाळवी लागली का, सगळं तीच बघते आणि मुंबईला फोनवर कळवते. मी बाहेर कुलपाचे फोटो काढत होतो तर मला म्हणाली, "मेल्या, बंद घराचे फोटो कित्याक काढतंस, थंय कोण रवता आता?" बरोबरच होतं तिचं. तेव्हापासून माझा प्रश्न एवढाच, चावी कोणाकडे आहे आणि का. घर सामायिक असेल तर मोठ्या काकांकडे न देता परक्या शेजारणीकडे का दिली, यात अख्खं भावकीचं राजकारण निघतं.

तुमचा प्रश्न वेगळा असेल. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला आता वाडीतून किती जण येतात, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते तेव्हा त्यांवरचे खलाशी कुठे असतात, शेवटची एसटी गेल्यावर स्टँडवर कोण उरतं. काहीही चालेल, फक्त त्या जागी वर्षभरात दहा-बारा वेळा जाता आलं पाहिजे. चार दिवसांच्या सुट्टीत होईल असा प्रोजेक्ट निवडू नका, त्याचा अल्बम होतो.

सुरू करायच्या आधी इतरांचं काम बघा. जर्मनीत बर्न्ड आणि हिला बेखर या नवरा-बायकोने १९५९ पासून पाण्याच्या टाक्या, खाणींवरचे मनोरे, भट्ट्या असं सगळं एकाच पद्धतीने टिपलं, सरळ समोरून, ढगाळ उजेडात, आणि मग ते फोटो शेजारी शेजारी लावले. एकटी टाकी कंटाळवाणी दिसते पण नऊ टाक्या एकत्र लावल्या की डोळा आपोआप फरक शोधायला लागतो. आपल्याकडे फोटोग्राफर सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांवर अनेक वर्षं काम केलं, त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली, ते फोटो बघितलेत तर जवळ जाणं म्हणजे काय ते कळतं. आणि फोटोग्राफर गौरी गिलचं पालघर जिल्ह्यातल्या जव्हारचं काम तर मला सगळ्यात आवडतं, तिथल्या मुखवटे बनवणाऱ्या आदिवासी कलाकारांना तिने रोजच्या जगण्यातले मुखवटे करायला सांगितले आणि गावातलीच माणसं ते घालून दुकानात, दवाखान्यात, घरात बसली. गावातली माणसं तिथे नुसती फोटोपुरती उभी नाहीयेत, प्रोजेक्टमध्ये त्यांचाही हात आहे.

बेखरांची युक्ती मी सरळ उचलली. प्रत्येक घर खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, कडेवरून, समोरून, कॅमेरा छातीच्या उंचीवर, एकच ३५ एमएमची लेन्स. फोनवर करत असाल तर १एक्सवरच ठेवा, वाइड केलंत की पडवीचे खांब कलतात. ढगाळ उजेड आपल्याला जूनपासून फुकटच मिळतो. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाप्रमाणे रंग जुळवायचं सेटिंग, ऑटोवर नको, जांभ्याच्या तांबड्या भिंती बघून कॅमेरा गोंधळतो आणि एका फोटोत चिरा विटकरी तर दुसऱ्यात जांभळट येतो, म्हणून डेलाइटवर फिक्स करा. माजघरात मात्र काळोखच असतो, तिथे ट्रायपॉड लावून १/१५ सेकंदापर्यंत शटर खाली आणा, फ्लॅश मारू नका, देव्हाऱ्यापुढचा तो मिणमिणता उजेडच तर पाहिजे असतो.

पावसाळ्यात कॅमेरा सांभाळणं हे वेगळंच काम आहे. लेन्सला बुरशी धरते, माझी एक गेली. आता मी तांदळाच्या घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवतो, घरचे हसतात पण चालतं. एसी गाडीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा बाहेर काढू नका, अर्धा तास बॅगेतच राहू द्या नाहीतर काचेवर वाफ धरते. समुद्रावरून आलात की थोड्या ओल्या फडक्याने बॉडी पुसा, मग कोरड्याने, खारं तसंच राहिलं तर बटणं अडकतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे मी मार खाऊन शिकलोय. सुरुवातीला एक फोटो गावाच्या नावासकट टाकला. रात्री त्या घरातल्या मुंबईच्या काकांचा फोन, "घर विकायला काढलंस की काय?" त्यांच्यात हिश्श्याची केस चालू होती, मला पत्ताच नव्हता. आणि बंद घर, जुने कोरीव दरवाजे, आत पितळेची भांडी, हे सगळं गावाच्या नावासकट जगाला दाखवणं म्हणजे चोराला आमंत्रणच. त्यामुळे लोकेशन बंद करा, गावाचं नाव टाकू नका, चावीचा फोटो काढलात तर खाचा ओळखू येणार नाहीत असा काढा. परवानगी चावीवालीची वेगळी आणि मालकाची वेगळी घ्यायची. भिंतीवरचा वारलेल्यांचा फोटो, उघडं कपाट, कागदपत्रं, याला हात नाही लावायचा.

काढलेल्या प्रत्येक फोटोमागे वहीत दोन ओळी लिहा, तारीख, घर शेवटचं कधी उघडलं, कोण काय बोललं. तौक्ते वादळानंतर, म्हणजे मे २०२१ नंतर, कौलं जाऊन पत्रे कोणाचे आले हे मला वहीतूनच कळलं, फोटोत नुसते निळे पत्रे दिसतात. एक बारीक गोष्ट पण वहीतच आहे, काकी प्रत्येक कुलपाला दुधाची धुतलेली पिशवी गुंडाळून वर रबर लावते, गंज धरू नये म्हणून, आणि रबर सैल झाला की बदलते. त्याचा फोटो मी तीन पावसाळे काढतोय, पिशवीचा ब्रँड बदलत गेला.

निवडताना स्क्रीनवर बसू नका. पोस्टकार्ड साइजच्या स्वस्त प्रिंट काढा आणि पडवीत पसरा, काकीला आणि दोन-चार जणांना बोलवा, ते ज्या फोटोपाशी थांबून भांडायला लागतात तो ठेवा. मला आवडलेले, धुकं-बिकं असलेले, एकानेही उचलले नाहीत. दीडशेतून बावीस उरले आणि त्यात कुलूप फक्त चार वेळा आहे, बाकी घरं, हात, चाव्या आणि खुंट्या.

प्रदर्शन शहरात नंतर बघू, पहिलं गावातच करा, गणपतीत, कारण तेव्हाच सगळे चाकरमानी आलेले असतात. देवळाच्या सभामंडपात सुतळी बांधायची, कपड्यांच्या चिमट्यांनी प्रिंट लावायच्या, लॅमिनेशन नको कारण ट्यूबलाइटची चमक मारते. गुरवाला आणि मानकऱ्यांना आधी विचारा, भजनाच्या वेळेआधी सगळं उतरवायचंय हेही लक्षात ठेवा. प्रत्येक फोटोखाली एक कोरं कार्ड ठेवा म्हणजे लोक लिहितात, एका घराखाली तिघा भावांनी तीन वेगळी वर्षं लिहिली होती, घर कधी बांधलं त्याची. पेन मात्र दोरीने बांधा, आमच्याकडे पहिल्याच संध्याकाळी दोन गेली.