चित्रचोरीची विनोदी रहस्य-एकांकिका लिहिताय? या चुका टाळा

गणपती विसर्जनानंतर कोकणातली नाट्यमंडळं एकांकिका स्पर्धांच्या मागे लागतात आणि माझ्याकडे वाचायला संहिता येऊ लागतात. त्यांत जुन्या वाड्यातलं चित्र चोरीला जाण्याचं कथानक हमखास असतं. विषय मला मनापासून आवडतो. गाव लहान, सगळे एकमेकांना ओळखणारे, संशयित सगळे नात्यातले, आणि एका सकाळी माजघरातली भिंत मोकळी. पण त्याच त्याच चुकांनी हा सुंदर विषय वाया जाताना पाहून आता राहवत नाही.

चित्राला अंगच नसतं

सगळ्यात मोठी चूक ही. लेखक ‘मौल्यवान चित्र’ असं लिहून मोकळा होतो. ते केवढं, कशावर काढलेलं, चौकटीसकट वजन किती, भिंतीला कशाने टांगलेलं, याचा पत्ता नसतो. मग चोर ते काखेत घालून नेतो, नाहीतर गुंडाळून छत्रीत लपवतो.

एका तालुक्याच्या स्पर्धेतला प्रयोग मला अजून आठवतो. खाडीकाठचं घर, पणजोबांचं मोठं तैलचित्र, आणि चोर म्हणजे घरातलाच मामा. नेपथ्यवाल्याने मेहनतीने चांगली पाच फुटी, काचेची चौकट करून टांगली होती. संहितेप्रमाणे मामा ती अंधारात परसदारच्या दाराने नेतो. आता कोकणातल्या जुन्या घरांची दारं ठाऊक आहेत ना? मान वाकवल्याशिवाय आत पाऊल पडत नाही. नेपथ्यातलं दारही तसंच ठेंगणं होतं. गुप्तहेर तपास करत असताना पुढच्या रांगेतले एक वयस्क सुतार मोठ्याने म्हणाले, “अहो, ही फ्रेम त्या दारातून जाईल कशी?” सभागृह हसलं. ते हसणं नाटकाने मिळवलेलं नव्हतं. त्यानंतर गुप्तहेराने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला लोक नको तिथे हसत गेले आणि उलगड्याच्या वेळी कोणी ऐकतच नव्हतं. दिग्दर्शक नंतर म्हणाला, “विनोदी आहे, चालतं एवढं.” नाही चालत. विनोदी रहस्यात चोरी शंभर टक्के खरी लागते. माणसं कितीही वेंधळी असोत, चौकट दारातून गेली पाहिजे.

माझा उपाय साधा आहे. पहिला संवाद लिहिण्याआधी मी लेखकाला चित्राच्या मापाचा पुठ्ठा कापायला लावतो. तो घेऊन एखाद्या जुन्या घरात फिरा. जिन्याच्या वळणावर अडतो का, माळ्यावर चढतो का, एसटीच्या सीटमागे राहतो का, बघा. निम्मी संहिता तिथेच सुचते. हा पुठ्ठा कापायचा कंटाळा करणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्या संहिता पहिल्या दोन पानांतच ओळखू येतात.

गुंडाळण्याचंही तेच. कॅनव्हास मागच्या लाकडी ताणचौकटीला खिळ्यांनी ठोकलेला असतो. खिळे काढायला वेळ जातो, आवाज होतो, आणि जुना रंग गुंडाळताना तडकून त्याचे कपचे पडतात. हे कपचे म्हणजे फुकटात मिळालेला पुरावा, आणि लेखक तो केरात टाकतात. मोनालिसा गुंडाळून पळवणारेही मी वाचलेत. मोनालिसा पॉप्लरच्या लाकडी फळीवर रंगवलेली आहे, 77 सेंटिमीटर उंच आणि 53 सेंटिमीटर रुंद. फळी गुंडाळता येत नाही.

विनोद एकीकडे, पुरावा दुसरीकडे

ही माझी दुसरी डोकेदुखी. पानभर कोट्या, मग पानभर तपास, पुन्हा पानभर कोट्या. प्रेक्षक हसताना विश्रांती घेतो आणि तपास सुरू झाला की मोबाइल काढतो. महत्त्वाचा धागा हशाच्या आतच असला पाहिजे. लोक हसले की तो त्यांच्या हातून निसटतो आणि शेवटी आठवतो, तेव्हा खरी मजा येते.

मोनालिसाची खरी चोरीच बघा. 21 ऑगस्ट 1911, सोमवार, लूव्र संग्रहालय बंद. व्हिन्चेन्झो पेरुजा हा तिथे आधी काम केलेला कारागीर. त्याने चित्र उतरवलं, चौकट जिन्यात टाकली, तर खालचं दार कुलूपबंद. तेवढ्यात तिथलाच एक प्लंबर आला आणि त्याने आपला सहकारी समजून दार उघडून दिलं. दुसऱ्या दिवशी लुई बेरू नावाचा चित्रकार तिथे चित्र काढायला आला. मोकळी जागा पाहून त्याने विचारलं, तर पहारेकऱ्याला वाटलं की चित्र फोटो काढायला नेलं असणार. पुढे पोलिसांनी पिकासोलाही चौकशीला बोलावलं. चित्र दोन वर्षांहून जास्त काळ पेरुजाकडेच होतं आणि डिसेंबर 1913 मध्ये फ्लॉरेन्सला सापडलं.

यात कोणीही विदूषक नाही. प्लंबर भला माणूस, पहारेकरी सरळ माणूस. प्रत्येकाने आपल्या परीने शहाणपणाचाच अंदाज केला आणि त्यातून चोरी पार पडली. आपल्या गावातही हेच घडेल. काकू म्हणतील, “मला वाटलं रंगकामाला उतरवलंय.” गडी म्हणेल, “मला वाटलं काकूंनी माळ्यावर ठेवलंय.” चाकरमानी पुतण्या म्हणेल, “मला वाटलं तुम्ही विकलंत, म्हणून मी विषय काढला नाही.” तिन्ही वाक्यांना हशा आहे आणि तिन्हींत चोरीची वेळ दडलेली आहे. गुप्तहेराला केळीच्या सालीवरून घसरवायची गरजच उरत नाही.

संहिता तपासताना मी हशाच्या जागा लाल पेन्सिलने आणि पुराव्याच्या जागा निळ्या पेन्सिलने अधोरेखित करतो. लाल आणि निळं कुठेच एकत्र येत नसेल तर पुनर्लेखन.

रविवर्मा म्हटलं की कोटी

‘वाड्यात रविवर्म्याचं चित्र, किंमत पाच कोटी’ हे वाक्य लिहिण्याआधी ते तैलचित्र आहे की छापील, हे ठरवा. राजा रविवर्मा यांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि पुढे तो मळवलीला, लोणावळ्याजवळ गेला. तिथली लक्ष्मी-सरस्वतीची छापील चित्रं घरोघरी पोचली. कोकणातल्या देवघरांत आणि पडव्यांत ज्या काळवंडलेल्या तसबिरी दिसतात त्यांत ती पुष्कळ. बऱ्याच प्रतींवर खालच्या कडेला छापखान्याचं नाव असतं आणि भिंगाखाली छपाईचे ठिपके दिसतात. मूळ तैलचित्राची गोष्ट वेगळी. 1972 च्या कायद्याखाली रविवर्म्यांची चित्रं राष्ट्रीय कलाठेवा ठरलेली आहेत आणि देशाबाहेर विकायला नेता येत नाहीत. त्यामुळे ‘लंडनचा गिऱ्हाईक’ लगेच पैसे मोजून जाणार नाही. खालची कड चौकटीत दडल्यामुळे छापील प्रतच अस्सल समजून पळवणारा चोर, हे मला कोणी लिहून आणलं तर आनंद होईल.

समुद्र, पाऊस, गाड्या

जुलैमध्ये चोर ट्रॉलरने पळतो. कसा? 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, होड्या किनाऱ्यावर झापांखाली झाकलेल्या असतात. त्या काळात बंदरातून निघालेली एकटी बोट सगळा गाव पाहील. रात्री दीड वाजता दाभोळ-धोपावे फेरीबोट मिळत नाही. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, तेव्हा सलग दोन रात्री एकाच वेळी खाडी चालत ओलांडता येईलच असं नाही. पावसाळ्यात कोकण रेल्वेच्या गाड्या वेगळ्या वेळापत्रकाने, कमी वेगाने धावतात. संशयिताचा सगळा बचाव गाडीच्या वेळेवर उभा असेल तर महिना आधी ठरवा.

आणि पावसात महिनोन्महिने टांगलेल्या चित्रामागे ओल धरते. चित्र काढलं की भिंतीवर वेगळ्या रंगाचा चौकोन दिसतो. तो चोरीला गेलेल्या चौकटीपेक्षा लहान निघाला तर आधीच अदलाबदल झालीय, हे गुप्तहेराआधी झाडू मारणाऱ्या बाईला कळतं. तिला संवाद द्या.

उरलेल्या चुकांवर फार बोलायची गरज नाही. गुहागरच्या माणसाच्या तोंडी मालवणी घालू नका, टाळ्या मिळत असल्या तरी. गावात चोरी झाली की पोलीस पाटलाला आधी कळतं, त्याला वगळू नका. खासगी गुप्तहेर स्वतः पंचनामा करत नाही. जुळा भाऊ नको. स्वप्न होतं, हे तर नकोच.

उलगड्याच्या प्रवेशात सगळ्यांना ओळीने उभं करून गुप्तहेर पाच पानं बोलतो, ही घाईची खूण. मध्ये जे पेरायचं राहिलं ते सगळं तिथे ओतलेलं असतं. मी लेखकाला उलगडा आधी लिहायला लावतो, तोही दोन पानांत, आणि त्यात गुप्तहेराला सलग चार वाक्यांपेक्षा जास्त बोलू देत नाही. बाकीचं काकू, गडी आणि पुतण्या आपापसात भांडताना सांगतील. ते जमलं की मगच पहिल्या प्रवेशाचा पडदा उघडा.